हरिओमने जोडलेलं हाड

नवीन जालन्यात स्टेशनजवळ हरिओमचं डिझाइनचं दुकान होतं आणि फोटोवरचा डाग त्याच्या तावडीतून कधी सुटला नव्हता. वाढदिवसाच्या बॅनरवर तो काळ्याचा गोरा करी. स्वर्गवासी आजोबांच्या जुन्या फोटोवरची घडी तर अशी बुजवी, की घरच्यांच्या डोळ्यांत पाणी येई. त्यामुळे हाडांच्या डॉक्टर दैवशाला पेन ड्राइव्ह घेऊन आल्या, तेव्हा गडी खुशीत होता.

"हा एक्स-रे ऑपरेशनच्या आधीचा, हा नंतरचा," त्या म्हणाल्या. "आमच्या संमेलनाच्या पुस्तिकेत छापायचेत आणि त्याच दिवशी पडद्यावर दाखवायचेत. कोपऱ्यातलं पेशंटचं नाव तेवढं पुसा."

"बिलकुल चिंता करू नका मॅडम. लोक बघत राहतील!"

नाव एका मिनिटात पुसलं. पण एकदा पुसायला लागला, की हरिओमचा हात थांबत नसे. छपाईसाठी फोटो मोठा केला, तर पहिल्या एक्स-रेतल्या हाडावर आडवी काळी रेघ!

"स्कॅन करायच्या आधी फिल्म घडी घालून पिशवीत कोंबली असंल कुणीतरी," तो पुटपुटला. शेजारचा पांढरा तुकडा उचलून त्याने रेघेवर बसवला, कडा मिळवल्या आणि हाड नव्या खडूसारखं करून टाकलं. दुसऱ्या एक्स-रेतली हाड जोडणारी धातूची पट्टी आणि सहा स्क्रू मात्र झळझळीत केले. मॅडमची मेहनत दिसायला नको? नमुना त्याने मोबाइलवर पाठवला. मॅडमनी दोन पेशंटांच्या मधल्या वेळात तो नखाएवढा बघितला आणि 'छान' म्हणून कळवलं.

संमेलनाच्या दिवशी पुस्तिका वाटून हरिओम हॉलच्या मागच्या दाराशी उभा राहिला. नाव पुसलं होतं खरं, पण नावाचा धनी, वडीगोद्रीचा रायभान, आपला हात पडद्यावर झळकणार म्हणून हौसेने पहिल्या रांगेत येऊन बसला होता.

"हाडाचे कसे दोन तुकडे झालेत, बघा," पडद्याकडे पाठ करून डॉक्टर दैवशाला म्हणाल्या.

अध्यक्ष डॉक्टर रामप्रसाद यांनी पडदा बघितला, पुस्तिका बघितली, चष्मा पुसून पुन्हा पडदा बघितला.

"कुठंयत तुकडे? मॅडम, हे हाड माझ्या हाडापेक्षा धड आहे!"

दैवशाला वळल्या आणि पडद्याजवळ जाऊन भेग शोधू लागल्या. त्यात पडद्यावर दुसरा एक्स-रे आला. तोच हात, आत सहा स्क्रू.

"धडधाकट हातात स्क्रू?" अध्यक्ष गरजले. "हे ऑपरेशन आहे का लूट? चौकशी झाली पाहिजे!"

रायभान ताडकन उठला. "मॅडम, मंग माझा हात मोडलाच नव्हता का? गाडीवरून पडून आल्तो तवा तुम्ही काय म्हणल्या व्हत्या?"

हरिओमच्या डोक्यात आत्ता उजेड पडला. घडी नव्हती ती! मागचं दार उघडं होतं, कुणी त्याला बघतही नव्हतं. पण समोर त्या बाईचं वीस वर्षांचं नाव मातीत चाललं होतं, ते त्याच्याने बघवेना.

"मॅडमची चूक न्हाई!" तो ओरडला. "ती रेघ म्या बुजवली! मला वाटलं, फिल्मला घडी पडली!"

त्याने धावत जाऊन पेन ड्राइव्हमधला मूळ एक्स-रे पडद्यावर लावला. हाड मोडलेलं होतं, चांगलं मोडलेलं होतं. ते बघून रायभानच्या जिवात जीव आला. डॉक्टर दैवशाला खुर्चीवर बसल्या आणि अख्खा ग्लास पाणी एका दमात प्यायल्या.

मग अध्यक्षांनी हरिओमला भर सभेत झाडलं. "एक्स-रे म्हणजे पुरावा! त्यातला एक ठिपका हलवणं हे पाप आहे, पाप!" हरिओमने कान पकडले. पुस्तिका पुन्हा छापून द्यायचं कबूल केलं आणि वाटलेल्या पुस्तिका गोळा करून त्यांचा गठ्ठा उचलून तो बाहेर निघाला.

गाड्यांपाशी अध्यक्षांनी त्याला गाठलं. इकडेतिकडे बघून खांद्यावर हात ठेवला.

"काम मात्र कमाल केलंस. जोड मलासुद्धा दिसला नाही."

"चुकलो साहेब. पुन्हा असं व्हणार न्हाई."

"ते सोड रे." अध्यक्षांचा आवाज एकदम खाली आला. "भेग अशी बुजवता येते, तर धड हाडावर एखादी पाडताही येत असेल ना?"

हरिओमने खांद्यावरचा हात झटकला. मग गठ्ठा तिथंच टाकून तो हे मॅडमच्या कानावर घालायला आत पळाला.