चार हजार सतरा दिवसांचा फळा

"आज बाबांची शेवटची पाळी. अशी बॅच काढून देतो, की कारखाना जन्मभर विसरणार नाही!" असं बायकोला छातीठोकपणे सांगून जावई कामावर निघाला. कारखाना विसरला नाही, हे मात्र खरं.

बाबा म्हणजे त्याचे सासरे, ड्रायरचे ऑपरेटर. ड्रायर म्हणजे दोन मजली लोखंडी पिंप. खालून गरम हवा सोडायची, ओली पावडर तिच्यावर तरंगत वाळते. हवा जास्त झाली तर पावडर वरच्या पाइपातून पसार, कमी झाली तर खाली बसून दगड! अकरा वर्षांत सासऱ्यांच्या हातून ड्रायर एकदाही चोंदला नव्हता. न चोंदलेले दिवस ते रोज खडूने फळ्यावर लिहीत. त्या सकाळी लिहिलं होतं, ४०१७.

जावई तिथलाच इंजिनियर. त्याने अख्खा ड्रायर कॉम्प्युटरवर उभा केला होता. पण दाणे अब्जावधी आणि कॉम्प्युटर एक! मग त्याने ड्रायरचे मोठमोठे चौकोन पाडले, एकेक पत्र्याच्या पेटीएवढा, आणि प्रत्येकात पावडर सारखी पसरलीय असं धरलं. सहा आठवड्यांनी उत्तर आलं : हवेचा व्हॉल्व्ह चाळीसवर ठेवा. सासरे बासष्टवर ठेवत. कॉम्प्युटरच्या मते बासष्टवर पावडर छपराबाहेर उडायला हवी होती! अकरा वर्षं ती उडाली नाही, याचं कॉम्प्युटरला काहीच वाटलं नाही. जावयालाही नाही.

"साहेब," सासरे म्हणाले. कारखान्यात ते जावयाला साहेबच म्हणत. "पावडर सुटी सुटी नाही हो उडत. मुठीएवढे गोळके करते. हवा त्यांना वळसा घालून निघून जाते, म्हणून जोर जास्त लागतो."

"बाबा, एवढ्या मोठ्या हिशोबात मुठीएवढे गोळके कुठे धरत बसायचे!"

तेवढ्यात मोठे साहेब आले. "काय मग? इंजिनियर साहेबांचा आकडा पटतोय ना?"

सासऱ्यांनी जावयाकडे पाहिलं. तो परीक्षेत पहिला आलेल्या पोरासारखा उभा होता.

"पटतोय की," सासरे म्हणाले, आणि त्यांनी व्हॉल्व्ह चाळीसवर आणला.

"बघा, किती शांत चाललाय!" दहा मिनिटांनी जावई म्हणाला. ड्रायर चालत नव्हता, बसत होता! विसाव्या मिनिटाला आतून धप्प असा आवाज आला. जावयाने घाईघाईने हवा वाढवली, तर ती एका कोपऱ्याला भोक पाडून निघून गेली आणि बाकीची पावडर घट्ट होत राहिली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच!

निरोप समारंभ चारला होता. चारला सत्कारमूर्ती पिंपात उतरून पहारीने दगड फोडत होते, आणि शेजारी जावई घमेली भरत होता. मोठ्या साहेबांनी भाषण लिहूनच आणलं होतं, त्यामुळे ते वाचणं भाग होतं. "यांच्या हातून ड्रायर कधीही चोंदला नाही!" ते बाहेरून म्हणाले. आतून ठण्ण! लोकांनी टाळ्या वाजवल्या.

शेवटचं घमेलं बाहेर पडलं तेव्हा जावयाला रडू आवरेना.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं ना? मग बोलला का नाहीत?"

"बोललो की एकदा. मग मोठे साहेब आले. त्यांच्यासमोर माझ्या मुलीच्या नवऱ्याला खोटं पाडू?"

त्यांनी फळा पुसला. जावई खडू घ्यायला पुढे झाला, तर म्हणाले, "राहू दे. माझ्या पाळीतलं आहे, मीच लिहितो." आणि स्वच्छ, गोल शून्य काढलं.

घरी दारात जावयाची बायको दोघांकडे बघतच राहिली. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे! "कशी झाली शेवटची बॅच?"

"कुणी विसरणार नाही अशी," सासरे म्हणाले. जावयाने मान वर केली नाही.

पुढे त्याने हिशोबात ते गोळके घातले. महिनाभर खपून नवा आकडा काढला. एकसष्ट पूर्णांक आठ!

आता रोज सकाळी फळ्यावर तोच लिहितो. संध्याकाळी सासऱ्यांचा न चुकता फोन येतो. "जावईबापू, आज किती?"

"त्रेचाळीस, बाबा."

"वा! त्रेचाळीस!" चार हजार सतरावाला माणूस मनापासून म्हणतो, आणि जावयाला फोन कधी एकदा ठेवतो असं होतं.