टेबलाखालची तपासणी

सातवीचा वर्ग हुशार होता, फक्त पाहुण्यासमोर मूग गिळून बसायचा. भूगोलाच्या बाई एरवी "जरा गप्प बसा रे" म्हणून दमायच्या, आणि तपासणीला साहेब आले की "बोला रे" म्हणून. गेल्या तपासणीत साहेबांनी पृथ्वीचा आकार विचारला होता, तर अख्खा वर्ग पृथ्वीचं नावच ऐकलं नसल्यासारखा बसून राहिला. बाईंची नोकरी तात्पुरतीची तात्पुरतीच राहिली. यंदा शेवटची संधी होती. आज मुलं बोलली तर बाई कायम, नाहीतर घरी.

साहेब आले. अंगाने भरभक्कम, मिशा त्याहून. बाईंच्याच खुर्चीत बसले आणि भूपट्ट म्हणजे काय ते विचारलं. एरवी वर्ग डोक्यावर घेणारी एक बडबडी मुलगी उठली, तिने साहेबांच्या मिशा पाहिल्या आणि ती खाली बसली. तिच्या शेजारचा तर उठलाच नाही.

तेवढ्यात वरच्या मजल्यावर गडगडाट झाला. मोडकी कपाटं साहेबांच्या नजरेआड करायची, असं हेडसरांनी सकाळीच शिपायाला बजावलं होतं, आणि त्याला नेमका हाच मुहूर्त सापडला होता. छत दणाणलं, पंखा झुलायला लागला, टेबलावरचा पृथ्वीचा गोल घरंगळत जमिनीवर आपटला. कपाटांचं बाईंना ठाऊक होतं, मुलांना नव्हतं. भूकंपाचा सराव मात्र बाईंनीच त्यांच्याकडून घोटून घेतला होता. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच सगळा वर्ग बाकांखाली गेला, एक हात बाकाच्या पायाला, दुसरा डोक्यावर.

साहेब त्यांच्याही आधी गेले. टेबल एकच होतं, ते साहेबांनी घेतलं, त्यामुळे बाई एकट्या उभ्या राहिल्या.

खरं सांगावं तर हेडसरांची लपवाछपवी उघडी पडणार, न सांगावं तर साहेब टेबलाखाली. बाई तोंड उघडणार तोच टेबलाखालून प्रश्न आला, बहुधा स्वतःलाच धीर यावा म्हणून विचारलेला. "बाई, हे असं होतं तरी कशाने?"

उत्तर खिडकीजवळच्या बाकाखालून आलं. "भूपट्ट सरकतात, साहेब. एकमेकांना घासतात, अडकून बसतात, मग अडकलेलं एकदम सुटतं."

बडबडीचा आवाज होता. मिशा दिसत नव्हत्या, त्यामुळे तिला कंठ फुटला होता. साहेबांनाही बरं वाटलं असावं. त्यांनी खालीच मांडी घातली आणि पुढचं विचारलं. मग काय, बाकाबाकाखालून उत्तरं यायला लागली. वर्षावनातल्या पानांना निमुळतं टोक का, तर पाणी ओघळून जावं म्हणून, नाहीतर पानावर शेवाळ धरतं. तिथल्या उंच झाडांची मुळं बुंध्याशी भिंतीसारखी का पसरतात, तर कसदार माती वरवरच, मुळं खोल जात नाहीत, मग झाडाने दुसरा टेकू आणायचा कुठून? ज्वालामुखीवर तर तिघं एकदम बोलले आणि बाकाखालीच भांडले. बाईंना आनंदाने रडू यायचं तेवढं बाकी होतं.

वरची कपाटं एव्हाना जागेवर पोचली होती. आता बाहेर यायला हरकत नसावी, असं साहेब म्हणाले, तर बडबडीने त्यांना दटावलं की बाईंनी सांगितल्याशिवाय यायचं नसतं. साहेब मुकाट्याने बसले.

बाई सांगणारच होत्या, पण दारात हेडसर येऊन ठाकले. बाकांना आणि टेबलाला पुढून फळ्या मारलेल्या, त्यामुळे त्यांना एक डोकंही दिसलं नाही. साहेब कंटाळून गेले आणि बाईंनी वर्ग सोडून दिला, असं ते धरून चालले. बाई हाताने खुणा करत राहिल्या, पण हेडसरांना दुसऱ्याच्या खुणा बघायची सवय नव्हती.

"मुलं बोलली नसणारच," ते म्हणाले, आणि आवाजात दुःख औषधालाही नव्हतं. "मनाला लावून घेऊ नका, बाई. तुमच्या जागेवर माझ्या मेहुण्याला घ्यायचं माझं केव्हाच ठरलंय. साहेबांचं काय, भोळा माणूस. चहा पाजला की दाखवाल तिथे सही करतो."

टेबलाखाली कुणीतरी घसा खाकरला.

"बाई," साहेब अगदी अदबीने म्हणाले, "येऊ का आता बाहेर?"

हेडसरांनी दाराची चौकट धरली. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे.

"थोडं थांबा, साहेब," बाई म्हणाल्या. "मोठ्या धक्क्यानंतर लहान धक्के येत राहतात. सरांचं बोलणं अजून संपलेलं नाही."