गुरलिंगप्पांची मोरी

या, जरा पुढं सरका. दारातनंच "कसं काय अक्का" म्हणायचं अन् चपला पायातच ठेवून निघायचं, हे बरं न्हाई. चार महिने झाले, तुमचं तोंड दिसलं न्हाई. बसा. शेजारच्या गुरलिंगप्पांचं सांगते.

गुरलिंगप्पा कुणाला "बरे आहात का" असं विचारत न्हाईत. चष्म्यावरून बघतात अन् वर्ग सांगतात. मला ताप आला तर म्हणाले, "अक्का, परवा तुम्ही असुरक्षित होता. आज संकटग्रस्त." कोपऱ्यावरच्या दुकानदाराला म्हणाले, "तुमची चिंता न्हाई." त्याला वाटलं आशीर्वाद दिला, त्यानं मूठभर शेंगदाणे दिले. उदगीर जिल्हा होणार म्हणून चौकात भाषण चालू होतं, तिथं हे उठून म्हणाले, "याचं मूल्यमापन अजून झालेलं न्हाई." माईकवाल्यानं माईकच बंद केला.

हे वर्ग शार्क माशाचे. उदगीरला शार्क कुठला? अप्पांनी तर समुद्रसुद्धा बघितला न्हाई. कॉलेजच्या वाचनालयात शिपाई होते. कोकणातनं बदलून आलेले एक सर जाताना जाडजूड फाइल देऊन गेले, कोणता शार्क किती धोक्यात याची. अप्पांनी डिक्शनरी शेजारी ठेवून ती सगळी तोंडपाठ केली. सर शार्कला तिकडच्यासारखं 'मोरी' म्हणायचे, म्हणून हेही मोरीच म्हणतात.

त्यापायी काय झालं ऐका. एका सकाळी धावत आले. "अक्का, मोरी चालली! अतिसंकटग्रस्त!"

मी घाबरून न्हाणीकडं पळाले. दुष्काळाचे दिवस, घरातला भरलेला एकुलता एक हंडा मोरीत. साप शिरला का भिंत बसली, काही कळंना. हंडा उचलून अंगणात आणला, तोवर निम्मा सांडला.

"ही न्हाई ओ," अप्पा म्हणाले. "समुद्रातली."

आठ दिवस मी त्यांच्याशी बोलले न्हाई. नवव्या दिवशी माझंच तोंड खाजवायला लागलं. विचारलं, "अतिसंकटग्रस्त म्हंजे कसं ठरवतात हो?"

"तीन पिढ्यांत किती घटल्या ते बघायचं. शंभरातल्या ऐंशी गेल्या की अतिसंकटग्रस्त. मोरी उशिरा वयात येते, पिल्लं मोजकी. जाळ्यात गेलेली भरून निघत न्हाई."

"अन् जिचं कुणाला काही ठाऊकच न्हाई ती?"

"माहिती अपुरी. लोक त्याला सुखरूप समजतात." आवाज बारीक झाला. "मला त्याचंच लई भ्या वाटतं."

मला मात्र भ्या वाटायचं हापशाचं. गल्लीत सहा घरं अन् हापसा एक. तो गेला की गल्ली गेली, हे पोराटोरांनाही कळत होतं. अप्पा रोज सकाळी खडू घेऊन त्याच्याजवळ जायचे. होळीला लिहिलं, 'असुरक्षित'. पाडव्याला 'संकटग्रस्त'. पुढच्या पंधरवड्यात 'अतिसंकटग्रस्त'. आम्ही बायका घागरी घेऊन त्या खडूकडं असं बघायचो, जसं डॉक्टरच्या तोंडाकडं बघतात. हापसा खोकायचा, वारं ओकायचा.

एक दिवस समोरची सुशीला वैतागली. "लिवून टाका अप्पा, नामशेष. आम्ही मोकळ्या होतो."

"न्हाई लिहिता येत." पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "शेवटची गेली यात तिळभर शंका नको. सगळीकडं शोधावं लागतं, सगळ्या ऋतूंत. घाईनं नामशेष लिहिलं तर लोक राखायचंच सोडतात. मग जी उरलेली असते, तीबी जाते."

सुशीला महिनाभरात कुलूप लावून लेकीकडं गेली. मग अजून तीन कुलपं. मग माझ्या लेकानं पुण्याहून गाडी पाठवली. मी गाठोडं बांधलं. खरं सांगते, थांबायचं धाडस न्हवतं.

अप्पा तवा हापसा हापसत होते. घामानं सदरा भिजलेला. किती दांडे मारले कोण जाणे, तांब्याभर पाणी निघालं. तो तांब्या मला आणून दिला, वाटेत लागेल म्हणून. राहा म्हणाले न्हाईत.

मीच उगं हसून विचारलं, "अप्पा, जगाला वर्ग लावले. तुम्ही सोता कशात?"

खडू बोटात फिरवत म्हणाले, "स्वतःचं स्वतःला लावता येत न्हाई, अक्का. रोज बघणारं दुसरं कुणीतरी लागतं." मग गाडीच्या चाकाकडं बघून म्हणाले, "आता तुम्ही गेल्यावर... माहिती अपुरी."

गाडी रिकामी परत गेली. लेक अजून फुगलेला हाय.

भीती गेली असं समजू नका. सकाळी दांड्याचा कोरडा आवाज आला की काळीज हलतं. पण मी उठते, भिंतीवरून डोकावते, अन् "अप्पा, दिसलात हो" असं मोठ्यांदा ओरडते. ते नुसता खडूचा हात वर करतात.

गल्लीत आता आम्ही दोघंच. तवा पुन्हा लवकर या. अन् आलात की आधी त्यांच्या दारात जा, मग माझ्या.