सव्वा महिन्याच्या आतला ताप

नांदुऱ्याचे वानखडे डॉक्टर तापाच्या कुठल्याही रोग्याला पहिला प्रश्न एकच विचारायचे, "जन्मून किती दिस झाले?"

एकदा दौऱ्यावर आलेले तहसीलदार तापाने फणफणून दवाखान्यात आले. त्यांनाही तोच प्रश्न. साहेब चिडून म्हणाले, "पन्नास वर्षं!"

"मंग घाई काय हाय? बसा तिकडे," असं म्हणून डॉक्टरांनी रांगेच्या शेवटी तान्हं घेऊन उभ्या असलेल्या बाईला आत बोलावलं.

त्यांचं म्हणणं ठरलेलं होतं. "मोठ्याचा ताप पाहुणा असते. येते, राह्यते, जाते. सव्वा महिन्याच्या आतल्या लेकराचा ताप चोर असते. आवाज नाही करत."

घरी ते एकटेच. लग्नाच्या पंगतीतही कोटाच्या खिशात थर्मामीटर. जेवता जेवता उठायचे आणि कुणाच्याही तान्ह्याच्या मानेला हात लावून पाहायचे. बाया हसायच्या, "डॉक्टर आला, लेकरं झाका!"

दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. मी तिथल्या शाळेत मास्तर होतो. आम्हाला पहिली मुलगी झाली आणि बाळंतपणासाठी सासूबाई बीबी गावाहून आल्या. बारशाची तयारी चालू असताना एका सकाळी पोरीचं अंग तापलं. ती दूध ओढेना. सासूबाईंनी खोली बंद केली, शेगडी पेटवली, पोरीला टोपडं घालून गोधडीत गुंडाळलं आणि पोटावर बिब्ब्याचा डाग द्यायला निघाल्या. मी धावत डॉक्टरांकडे गेलो. ते दाढी करत होते. एका गालावर साबण तसाच ठेवून आले.

"कोन देते डाग? आधी मले द्या. मी सांगतो कसा लागते ते!"

सासूबाईंनी बिब्बा खाली ठेवला. डॉक्टरांनी शेगडी बाहेर काढली, खिडकी उघडली, गोधडी सोडली.

"आधी कपड्यांचा ताप उतरू द्या. मंग लेकराचा मोजू."

ते जमिनीवर बसून राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी काखेत थर्मामीटर लावला, उजेडात धरून पाहिला. एरवी गावभर ओरडणारा माणूस अगदी हळू बोलला, "लेकराचाच हाय. अकोल्याले न्या लागते. आत्ताच."

"पण शांत तर आहे, डॉक्टरसाहेब," माझी बायको सुशीला म्हणाली. "रडतसुद्धा नाही."

"रडत नाही, म्हणूनच."

"इथं औषध नाही का?" मी विचारलं.

"हाय. पन अंदाजानं कायले देऊ? एवढुशा लेकरात ताप कुठून आला ते बाहेरून दिसत नाही. रक्त पाहा लागते, लघवी पाहा लागते, पाठीच्या कन्यातलं पानी पाहा लागते. ते अकोल्याले होते."

दवाखाना बंद करून ते आमच्याबरोबर पॅसेंजरमध्ये बसले. गालावर साबण वाळून गेलेला. सुशीलाला पुन्हा पुन्हा सांगायचे, "पाज, बाई. एक घोट घेतला तरी पाज." त्यांचा तळवा पोरीच्या छातीवरून अकोल्यापर्यंत हलला नाही.

तिथल्या तपासणीत लघवीत पू सापडला, जंतू रक्तात पसरू लागले होते. पेनिसिलीनच्या सुया तेव्हा नव्याच निघाल्या होत्या. त्या चालू झाल्या. डॉक्टर बाहेरच्या बाकावर बसून होते. मग एका दुपारी पोरीने असा टाहो फोडला की सगळा वॉर्ड दचकला. डॉक्टर उठले, नळावर गेले आणि कितीतरी वेळ तोंड धूत राहिले.

बारसं लांबणीवर पडलं होतं, ते घरी परतल्यावर केलं. मला बहीण नाही, तेव्हा आत्या कोण, असा प्रश्न निघाला. सुशीला म्हणाली, "डॉक्टरसाहेब, नाव तुम्हीच ठेवा."

ते लाजले. मग पोरीला उचलून तिच्या कानात म्हणाले, "यमुना."

"छान आहे. कसं सुचलं?"

"सुचलं नाही. ठेवलेलं होतं." ते म्हणाले, "माही पोरगी बारशाआधीच गेली. मी तवा डॉक्टरी शिकून राह्यलो होतो, सुट्टीत घरी आलो होतो. तिची माय म्हने, अंग गरम लागते. म्या म्हटलं, उतरते."

यमुना त्यांचं बोट धरून झोपून गेली होती. बाहेर पानं वाढली गेली. सासूबाई डॉक्टरांना जेवायला उठवायला दारात आल्या. सुशीलाने हातानेच खूण केली, नका.