बेचाळीस गोळ्या

मैथूच्या दुधाच्या बाटल्या धुवायचा ब्रश मोटरसायकलच्या सायलेन्सरमध्ये सापडला, तेव्हा समीक्षा काहीच बोलली नाही. ती नुसती विनीतकडे बघत राहिली. चार वर्षांच्या संसारात विनीतला एवढं कळलं होतं, की बायको बोलत असते तोवर घाबरायचं कारण नसतं.

"नवीन आणतो," तो म्हणाला.

"गाडी?"

"ब्रश."

गाडी त्याच्या बाबांची, महिपतरावांची. शहाऐंशी सालची. लग्न झाल्यावर कलावतीबाईंना त्यांनी खडवलीहून याच गाडीवर घरी आणलं होतं. गेली अकरा वर्षं ती ठाकुर्लीच्या सोसायटीत ताडपत्रीखाली उभी होती. गणपतीत विनीतने ताडपत्री काढली आणि मग गाडी थोडीथोडी करून तिसऱ्या मजल्यावर राहायला आली. टाकी बाल्कनीत मैथूच्या लंगोटांशेजारी वाळत होती. हेडलाइट शोकेसमध्ये होता. चेन रॉकेलमध्ये भिजत होती आणि रॉकेल मैथूच्या अंघोळीच्या जुन्या टबात होतं. खाली उरला होता नुसता सांगाडा. येणारेजाणारे त्याच्यापाशी थांबून हळू आवाजात विचारायचे, "कोणाची होती?"

आता मात्र सगळं परत खाली जाऊन बसलं होतं. सोमवारी आरटीओत पासिंग होतं. महिपतरावांनी साफ सांगून टाकलं होतं, "पास झाली तर ठेव. नाही झाली तर मंगळवारी भंगारवाल्याला बोलव. मला काही फरक पडत नाही." हे त्यांनी तीन वेळा सांगितलं होतं आणि तिन्ही वेळा सांगून झाल्यावर खाली जाऊन गाडीवरून हात फिरवून आले होते.

राहिलं होतं फक्त हँडल. ते जिथे वळतं तिथे आत, वर आणि खाली, बारक्या लोखंडी गोळ्या असतात. मेकॅनिक लोक त्यांना छर्रे म्हणतात. विनीतला तो शब्द जत्रेतल्या बंदुकीचा वाटायचा, म्हणून तो आपला गोळ्याच म्हणायचा. एवढ्या जुन्या गाडीच्या मापाच्या गोळ्या एकट्या कोपरीच्या स्पेअर पार्टवाल्या भगवानदादांकडे उरल्या होत्या, त्याही शेवटच्या. रविवारी दादा गावाला जाणार होते, म्हणून शनिवारी विनीतने कोपरी गाठली.

त्याच रविवारी मैथूचं बोरन्हाण होतं.

शनिवारी दुपारी समीक्षाचा फोन आला. एका हातात मैथू, एका हातात चुरमुऱ्यांची पिशवी आणि फोन खांद्यावर.

"गोळ्या घेतल्यास का रे?"

विनीतला भरून आलं. गणपतीपासून आजवर बायकोने गाडीच्या एकाही पार्टची चौकशी केली नव्हती.

"घेतल्या. बेचाळीस."

"मोजून?"

"मोजूनच देतात. एकवीस वर, एकवीस खाली."

दोन थरांचा बॉक्स असेल, समीक्षाला वाटलं. "चिकट नाहीयेत ना? पोरांचे हात बरबटतात."

पोरांचा काय संबंध, असं विनीतच्या मनात आलं, पण बायको इतक्या आपुलकीने विचारत असताना शंका काढायची त्याला हिंमत झाली नाही. "एकदम कोरड्या आहेत."

"आणि टिकतील? वाढदिवसालाही वापरू उरल्या तर."

"अगं, चाळीस वर्षं काही होत नाही त्यांना."

"बापरे, एवढं काय घालतात त्यात?" समीक्षा म्हणाली आणि तेवढ्यात मैथूने फोन चाटला. कॉल कट झाला.

घरी आल्यावर विनीतने गोळ्या भांड्यांच्या साबणाने धुतल्या, पुसल्या, स्टीलच्या छोट्या डबीत भरल्या आणि मैथूच्या हाताला लागू नयेत म्हणून उंचावर ठेवल्या. "गोळ्या फ्रीजवर आहेत हां," असं त्याने घरभर ऐकू जाईल असं सांगितलं. सगळ्यांनी ऐकलं.

रविवारी पाच वाजता कलावतीबाईंनी परातीत बोरं, चुरमुरे, उसाचे करवे आणि हलवा एकत्र केला आणि फ्रीजवरची डबी उघडली.

"समीक्षा, चांदीच्या आणल्यात गं याने. वर्खाच्या."

"लेकीसाठी हात सैल सुटतो त्याचा," समीक्षा खुशीत म्हणाली.

मैथू काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालून पाटावर बसली होती. टिळा लावायला वाकलेल्या आजोबांचा चष्मा तिने आधीच काढून घेतला होता आणि तो परत द्यायचा तिचा विचार नव्हता. महिपतराव चष्म्याशिवायच आपल्या खुर्चीत जाऊन बसले. शेजारी स्टुलावर चहा होता आणि वाटीत त्यांची सहाची बीपीची गोळी. विनीत व्हिडिओ काढत होता. पाटाभोवती बिल्डिंगमधली चौदा पोरं, धावण्याच्या शर्यतीला वाकावं तशी वाकून उभी होती.

समोरच्या रमाबाईंनी पहिली वाटी मैथूच्या डोक्यावरून सोडली. मैथू खिदळली.

टण्.

विनीतने फोनवरून डोळे काढले. बोर लादीवर पडलं की टप्प वाजतं. चुरमुरा वाजतच नाही. हे टण् होतं. मग टण् टण् टण् झालं आणि एक चकचकीत गोळी त्याच्या पायाजवळून सोफ्याखाली निघून गेली.

"थांबा," तो ओरडला.

बोरन्हाणात हा शब्द आजवर कोणी वापरलेला नाही. पोरांना वाटलं, हीच खूण. चौदाच्या चौदा लादीवर तुटून पडली. सगळ्यांत खाली विनीत होता.

"अरे, लहान मुलांचं असतं ते," रमाबाई म्हणाल्या. "बापाने नसतं लुटायचं."

"काकू, त्या गाडीच्या गोळ्या आहेत."

समीक्षाच्या एका क्षणात सगळं ध्यानात आलं. कालचा फोन, एकवीस वर, एकवीस खाली, चाळीस वर्षं. तिने मैथूला उचललं आणि तोंडात बोट घालून पाहिलं. अर्धा चुरमुरा निघाला, बोराचं साल निघालं आणि मंगळवारच्या पेपरचा एक कोपरा निघाला. गोळी नव्हती. मैथूला वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग आहे. तिने आणखी मोठा आ केला.

कलावतीबाई उंबऱ्यात ठाण मांडून बसल्या. रमाबाईंनी एकेका पोराचं तोंड उघडून दिव्याखाली तपासलं. खिसे उलटे झाले. रांगणारा विनीत कपाटाखालून सहा आणि चपलांतून तीन गोळ्या घेऊन आला. सगळ्यांत मोठा साठा दुसऱ्या मजल्यावरच्या करिश्माकडे होता. वय वर्षं सहा. तिने फ्रॉकच्या ओच्यात एकोणीस गोळ्या जमवल्या होत्या.

"बोरन्हाणातलं परत देत नसतात," ती म्हणाली.

"अगं, पण ते गाडीचं आहे."

"मग गाडीचं बोरन्हाण करा, तेव्हा टाकते."

"चॉकलेट देतो."

"आहेत माझ्याकडे. गाडीवर पहिली चक्कर माझी."

"पहिली आजोबांची."

करिश्माने खुर्चीतल्या आजोबांना एकवार न्याहाळलं. "चालेल. दुसरी माझी."

महिपतरावांना हा गोंधळ चष्म्याशिवाय नुसता धूसर हलताना दिसत होता. "आजची गोळी बरी होती," ते चहा संपवत म्हणाले. "कडू नाही लागली. डॉक्टरांनी बदलली का गं?"

"तुमचं नंतर. आधी पाय वर घ्या," खुर्चीखालून कलावतीबाईंचा आवाज आला.

मोजल्या. एकेचाळीस. पुन्हा मोजल्या, पुन्हा एकेचाळीस. विनीतने कपाळाला हात लावून भगवानदादांना फोन केला. दादा गावाच्या वाटेवर होते.

"दादा, एक गोळी हरवली. उद्या पासिंग आहे."

"किती आहेत?"

"एकेचाळीस."

"मग रडतोस काय? वीस-वीसच टाकायचे असतात रे. ठासून भरलेस तर हँडल वळायचं नाही. दोन जास्तीचे दिलेले मी. पडतात कुठेतरी."

विनीतच्या जिवात जीव आला. गाडी वाचली. तो हसत वळला आणि समीक्षाचा चेहरा पाहून थांबला.

"पडली कुठे पण?" ती हळूच म्हणाली. "सगळं घर झाडलं. सगळ्यांची तोंडं बघितली. हिने आधीच गिळली असेल तर?"

मैथूने आजोबांचा चष्मा एखाद्या आत्याबाईसारखा नाकावर धरला आणि ढेकर दिली.

विनीतने तिला कडेवर घेतलं. तिच्या मुकुटातला हलवा त्याच्या गालाला टोचत होता. "आत्ताच जाऊ डॉक्टरकडे," तो म्हणाला. "फोटो काढू पोटाचा. उद्याही तिच्यापाशीच थांबू."

"आणि पासिंग?"

"गेलं तर गेलं. भंगारवाल्याचा नंबर आहे माझ्याकडे."

महिपतरावांनी मान खाली घातली, पण ते म्हणाले, "बरोबर आहे. पोर आधी." कलावतीबाई निघायच्या तयारीला लागल्या आणि जाता जाता त्यांनी स्टुलावरचा कप उचलला. मग वाटी उचलली. मग त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या.

"अहो, सहाची गोळी घेतली नाहीत तुम्ही?"

"घेतली की. मघाशीच. सांगितलं नाही का, कडू नाही लागली."

"मग ही कोणती?"

वाटीत बीपीची पांढरी गोळी होती. जशीच्या तशी.

मग समीक्षाच्या तोंडून एक विचित्र आवाज आला. ती रडतेय असं वाटून विनीतने तिचा हात धरला, पण ती हसत होती. इतकी, की तिला पाटावरच बसावं लागलं.

"तरीच जरा जड वाटली," महिपतराव म्हणाले.

डॉक्टरांनी फोनवर सगळं दोनदा सांगायला लावलं, दुसऱ्यांदा बहुतेक स्वतःच्या आनंदासाठी. मग म्हणाले, "गुळगुळीत आहे, आपोआप जाईल. केळी खा, पाणी प्या. दुखलं तर या. आणि आजोबा, ती दुसरी गोळी आता घेऊन टाका."

सोमवारी सकाळी पहिली चक्कर ठरल्याप्रमाणे आजोबांची झाली, थेट आरटीओपर्यंत, विनीतच्या मागे बसून. तिथे साहेबांनी नंबर ताडून पाहिला, ब्रेक दाबले, हॉर्न वाजवला आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण फिरवून पाहिलं. लोण्यासारखं फिरलं.

"छान बसवलीय," साहेब म्हणाले. "काही काढून नाही ना ठेवलं? सगळं गाडीतच आहे?"

विनीतने बाबांकडे बघून डोळे मोठे केले, पण महिपतराव आयुष्यात सरकारी माणसाशी खोटं बोलले नव्हते.

"एक गोळी सोडून सगळं, साहेब," ते म्हणाले.

साहेबांनी म्हाताऱ्याकडे मायेने पाहिलं आणि कागदावर सही केली. "काका, या वयात गोळी अशी चुकवायची नसते."

"चुकवली नाही," महिपतराव म्हणाले. "दोन्ही घेतल्या."