सुस्त उंदरांचा अहवाल

आमच्या संस्थेत एका प्रथिनाची उंदरांमधली भूमिका शोधण्याचं काम पाच वर्षं चालू होतं. प्रथिन सायटोकाइन जातीचं, म्हणजे एका पेशीचा निरोप दुसरीला पोचवणारं. काही उंदरांच्या शरीरात ते मुळात तयारच होत नव्हतं. तरीही हे उंदीर बाकीच्यांइतकंच खात, तितकंच पळत आणि त्यांच्या जखमाही तितक्याच वेळात भरून येत. मी संस्थेच्या संशोधन समितीची टिपणं लिहितो, त्यामुळे हे मला ठाऊक आहे.

संशोधक बाईंनी अहवालात लिहिलं, ‘भूमिका आढळली नाही.’ त्यांची डॉक्टरेट याच अहवालावर अडली होती. समितीच्या अध्यक्षांनी तो परत पाठवला. मंजुरी भूमिका शोधण्यासाठी आहे, ती नसल्याचं शोधायला वेगळी मंजुरी लागते आणि तसा अर्ज छापलेलाच नाही, हे त्यांनी शांतपणे समजावलं.

पुढच्याच आठवड्यात प्रथिन नसलेले उंदीर मलूल पडले. उंदीरखोली सांभाळणाऱ्या काकांनी पाहिलं, तर त्यांच्या पिंजऱ्यातल्या पाण्याच्या बाटलीची नळी तुंबलेली. त्यांनी ती साफ केली आणि उंदीर पुन्हा हुंदडायला लागले. पण त्याआधी अध्यक्ष खोलीत डोकावून गेले होते आणि ‘प्रथिनाअभावी तीव्र सुस्ती’ अशी नोंद झाली होती. ती मीच केली. माझं अक्षर चांगलं आहे.

बाईंनी धावत जाऊन खरा प्रकार सांगितला.

“नळी कोणी साफ केली?” अध्यक्षांनी विचारलं.

काकांना मेमो मिळाला: प्रयोगात विनापरवाना ढवळाढवळ. शिवाय निष्कर्ष पुन्हा करून दाखवता आला पाहिजे, असा विज्ञानाचा नियमच आहे. म्हणून नळी तुंबवण्याची रीतसर कार्यपद्धती ठरली आणि त्यासाठी मेण मंजूर झालं. प्रयोग चार वेळा झाला, चारही वेळा उंदीर सुस्त. इतका एकसारखा निष्कर्ष संस्थेत पूर्वी कधी आला नव्हता.

नव्या अहवालावर सही करायच्या दिवशी काका बाईंना म्हणाले, “ताई, तहानलेत हो ते. बाकी काही नाही.”

“माहीत आहे, काका. पण माझी पाच वर्षं गेली यात. आई रोज विचारते, कधी संपणार म्हणून.”

बाईंनी सही केली आणि त्या रडल्या. मला मनापासून वाईट वाटलं. टिपणात मात्र ‘सर्वानुमते’ असंच लिहावं लागतं.

अहवाल छापून आला, पाठोपाठ माणसांसाठी रक्ततपासणीही निघाली. मुलीचा शोध म्हणून बाईंच्या आईंनी ती सगळ्यांत आधी करून घेतली. प्रथिन कमी निघालं. पहाटे उठून घर झाडणाऱ्या त्या आता दुपारपर्यंत अंथरूण सोडत नाहीत. त्यात काही तथ्य नाही, असं बाईंनी त्यांना परोपरीनं सांगून पाहिलं.

“सही तुझीच आहे ना त्याच्यावर?” आईंनी विचारलं.

तुम्ही हसू नका. तुमचाही तपासणी अहवाल माझ्या टेबलावर आला आहे. प्रथिनाचं प्रमाण जेमतेम आहे. हे वाचताना मघाशी तुम्हाला एक जांभई आली, ती मी त्यात नोंदवून घेतली आहे.