लाल इंजिनाचे लाड

"या वेळी लालच येणार! बाराच्या बारा!" फोरमन छातीठोकपणे म्हणाले.

त्यांच्या डिझेल शेडमध्ये दोन कंपन्यांची इंजिनं होती. एकीची लाल, दुसरीची निळी. लाल म्हणजे फोरमनचा जीव की प्राण, आणि निळ्याचं नुसतं नाव काढलं तरी त्यांचं डोकं उठायचं. त्यात निळ्यांचा खप लालच्या तिप्पट; आणि ती विकणारा माणूस म्हणजे त्यांचा सख्खा साडू! दर रविवारी हा गृहस्थ जेवायला येऊन भाताबरोबर विक्रीचे आकडे वाढायचा.

"चांगलं असतं तेच खपतं, साडूभाऊ!"

"खोकल्याचं औषधही खपतं! म्हणून काय पाहुण्यांना द्यायचं?"

शेडसाठी नवी बारा इंजिनं घ्यायची होती. कोणती, ते खरेदी समिती ठरवणार होती. फोरमनच्या निवृत्तीला पाच वर्षं उरलेली. ती निळ्यांच्या संगतीत काढायची म्हणजे शिक्षाच की! म्हणून समिती आली तेव्हा त्यांनी आपला हुकमाचा एक्का टेबलावर आपटला. तो म्हणजे शेडची जाडजूड नोंदवही.

"बाई, कंपन्यांची चकचकीत पुस्तकं ठेवा बाजूला," ते समितीच्या प्रमुख बाईंना म्हणाले. "इंजिन शेडच्या दारातून आत आलं, की तारीख आणि कारण यात चढतं. एकूण एक अक्षर माझ्या हातचं. एक ओळ खोटी निघाली तर मिशी उतरवीन!"

बाईंनी चष्मा पुसला आणि वाचायला घेतलं. पाच मिनिटांनी त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"हे लाल इंजिन वर्षात एक्केचाळीस वेळा आत आलं?"

"आणलं! मी आणलं!" फोरमन अभिमानानं म्हणाले.

"इथे कारण लिहिलंय, 'आवाज'."

"भोंगा जरा घोगरा वाटला. बसला होता बिचाऱ्याचा."

"इथे 'थरथर'."

"ती इंजिनाची नव्हतीच. माझाच त्या दिवशी उपास होता."

"आणि इथे, सलग तीन दिवस, 'तपासणी'?"

फोरमन खाली बघू लागले. "पावसात भिजलं होतं हो. मन राहवेना."

आता सांगायचं काय, की या माणसानं बायकोच्या तापातही एवढ्या खेपा घातल्या नव्हत्या!

बाईंनी पान उलटलं. "निळं इंजिन मात्र वर्षात एकदाही आत आलेलं नाही."

"मी त्याला दारात उभं करत नाही!" फोरमन उसळले. "ड्रायव्हर येतात रडत. मी दारातूनच हाकलतो. म्हटलं, चालतंय ना? मग चालवा!"

"म्हणजे वर्षभर कुणी हात लावला नाही?"

"बोटसुद्धा नाही!"

"आणि तरी चाललं?"

"चालेल नाही तर काय करेल! तक्रार सांगणार कुणाला?"

समितीतले चौघेही एकमेकांकडे पाहू लागले. आपण काय बोलून बसलो ते फोरमनच्या ध्यानात आलं, तेव्हा त्यांना दरदरून घाम फुटला.

"अहो बाई, तसं नाही! ते लाड आहेत, लाड! लालला काही झालेलं नव्हतं!"

"फोरमनसाहेब," बाई समजुतीनं म्हणाल्या, "जिथे तिथे तुमचीच सही आहे. आम्ही तुमच्यावर अविश्वास कसा दाखवायचा?"

पंधरवड्यात हुकूम आला. निळी, बारा.

रविवारी साडू हारच घेऊन आला. "वीस वर्षं इंजिनं विकतोय, साडूभाऊ, पण तुमच्यासारखा विक्रेता पाहिला नाही!" असं म्हणून त्यानं कंपनीचं ताजं माहितीपत्रक पुढे केलं. पहिल्याच पानावर फोरमनचा हातभर फोटो! खाली, समितीच्या अहवालातून उचललेलं, ठळक अक्षरांत: "वर्षभर बोटसुद्धा लावलं नाही! एका अनुभवी फोरमनचे उद्गार."

निदान बायको तरी आपली बाजू घेईल म्हणून फोरमननी केविलवाण्या नजरेनं तिच्याकडे पाहिलं. तिनं पत्रक हिसकावून घेतलं, डोळ्यांजवळ नेलं आणि तिचा आवाज चढला.

"अहो, हा या भावजींच्याच लग्नातला फोटो! हा तुमच्या शेजारचा कोपर माझा आहे. मला कुठे कापून टाकलं?"